ब्रेन हॅमरेजनंतर पेशंट बरा होईल का? डॉक्टर हा अंदाज कशावरून बांधतात?

'वाचेल ना?' आणि त्याच्या पाठोपाठ 'पहिल्यासारखं चालता-बोलता येईल ना?'

मेंदूत रक्तस्राव झालेल्या पेशंटचे नातेवाईक पहिल्या काही तासांत हेच दोन प्रश्न विचारत असतात. डॉक्टरांकडून उत्तर मिळतं, 'आत्ताच काही सांगता येणार नाही', 'पहिले ४८ तास महत्त्वाचे आहेत' किंवा 'कंडिशन क्रिटिकल आहे'. काही वेळा टक्केवारीही सांगितली जाते. ही टक्केवारी येते कुठून? त्यात काय मोजतात? ती किती खरी ठरते? आणि ती कमी असेल तर आशा सोडून द्यायची का?

या सगळ्यांची उत्तरं सोप्या भाषेत समजून घेऊया.

आधी बेसिक: ब्रेन हॅमरेज म्हणजे नेमकं काय?

स्ट्रोक मुख्यतः दोन प्रकारचा असतो. पहिल्या प्रकारात मेंदूला रक्त पुरवणारी नळी गुठळीमुळे बंद होते. दुसऱ्या प्रकारात नळी फुटते आणि रक्त बाहेर येतं. यालाच आपण ब्रेन हॅमरेज म्हणतो. बोलण्यात दोन्हींना 'लकवा मारला', 'पॅरालिसिस झाला' असंच म्हटलं जातं, पण दोघांचे उपचार अगदी वेगळे आहेत.

रक्त मेंदूच्या आतच फुटून साचतं, त्या प्रकाराबद्दल हा लेख आहे. मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्त पसरणं किंवा अपघातात डोक्याला मार लागून रक्तस्राव होणं, हे वेगळे आजार आहेत आणि त्यांचे अंदाज वेगळ्या निकषांवर बांधले जातात.

२०१९ च्या जागतिक आकडेवारीनुसार नव्या स्ट्रोकपैकी सुमारे २८ टक्के स्ट्रोक या प्रकारचे होते. म्हणजे संख्येने कमी, पण धोका मोठा. जगभरातल्या अभ्यासांचा २०१० मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा एका महिन्याच्या आत दगावणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० टक्के निघालं.

मग उरलेल्या ६० टक्क्यांचं काय होतं? आणि कोण कोणत्या गटात जाईल, हे आधी कळतं का?

पहिल्या दिवशी डॉक्टर कोणत्या पाच गोष्टी बघतात?

१. पेशंट किती शुद्धीवर आहे?

फाइलवर 'जीसीएस' असं लिहून पुढे एक आकडा लिहिलेला असतो. हा ग्लासगो कोमा स्केल. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातल्या टीसडेल आणि जेनेट या दोन न्यूरोसर्जननी तो १९७४ मध्ये मांडला. यात तीन गोष्टी तपासतात. डोळे उघडतो का, याला जास्तीत जास्त ४ गुण. बोलतो का आणि कसं, याला ५. सांगितल्यावर हातपाय हलवतो का, याला ६. पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसाला १५ पैकी १५ मिळतात. कमीत कमी गुण ३ असतात, शून्य नाही.

आल्या आल्या जीसीएस जितका जास्त, तितकी वाचण्याची आणि सावरण्याची शक्यता जास्त. पण पेशंटला झोपेचं औषध दिलं असेल किंवा घशात नळी असेल, तर त्याला बोलता येत नाही. अशा वेळी आकडा कमी दिसतो. म्हणून 'जीसीएस किती' यासोबत 'तो औषधांच्या असराखाली मोजलाय का' हेही विचारायला हवं.

२. रक्त किती साचलंय?

सीटी स्कॅनवर रक्ताचा पांढरा डाग दिसतो. त्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजून, गुणाकार करून, दोनने भागलं की साधारण किती मिलिलिटर रक्त आहे ते कळतं. हे गणित डॉक्टर एका मिनिटात करू शकतात.

इथे ३० मिलिलिटर ही एक महत्त्वाची रेषा आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं १० मिलीचं झाकण डोळ्यांसमोर आणा. तशी तीन झाकणं. ऐकायला हे फारच कमी वाटतं. पण कवटी हा सगळीकडून बंद असलेला डबा आहे. आत जास्तीचं काही आलं तर मेंदूला सरकायला जागा नसते, दाब वाढतो आणि आजूबाजूचा चांगला भागही दबायला लागतो. ६० मिलीच्या पुढे गेलं की धोका आणखी वाढतो.

३. रक्त कुठे साचलंय?

जागा खूप महत्त्वाची. मेंदूच्या खोलवरच्या भागातला रक्तस्राव बऱ्याचदा अनेक वर्षांच्या हाय बीपीमुळे होतो. हातपाय हलवणारे तंतू तिथून जात असल्यामुळे शरीराची एक बाजू लुळी पडते. पृष्ठभागाजवळचा रक्तस्राव वयस्कर लोकांमध्ये अनेकदा रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचल्यामुळे होतो. डावीकडे झाला तर बोलण्यावर परिणाम होण्याची शक्यता जास्त.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे मेंदूचा देठ, म्हणजे ब्रेनस्टेम. श्वास आणि शुद्ध तिथूनच चालतात, त्यामुळे तिथला छोटा रक्तस्रावही जीवघेणा ठरू शकतो. लहान मेंदूतला रक्तस्रावही धोकादायक, कारण तो ब्रेनस्टेमच्या अगदी मागे असतो आणि पेशंटची तब्येत अचानक बिघडू शकते. मात्र इथे वेळेत ऑपरेशन झालं तर जीव वाचू शकतो.

४. रक्त मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये उतरलंय का?

मेंदूच्या आत पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. रक्त तिथे शिरलं तर हा द्रव वाहून जाण्याचा रस्ता तुंबू शकतो. मग द्रव साचतो आणि दाब वाढतो. अशा वेळी न्यूरोसर्जन कवटीला छोटं छिद्र पाडून नळी टाकतात आणि द्रव बाहेर काढतात. 'डोक्यातून नळी टाकावी लागेल' असं डॉक्टर म्हणतात, ते बहुतेकदा यासाठी.

५. वय किती?

वय वाढतं तशी सावरण्याची ताकद कमी होते. स्कोअरच्या गणितात ८० वर्षं ही रेषा धरली आहे. तरी वय हा एकटा निकष नाही. छोटा रक्तस्राव झालेले आणि आधी स्वतःची कामं स्वतः करणारे ८२ वर्षांचे आजोबा, ब्रेनस्टेममध्ये मोठा रक्तस्राव झालेल्या पन्नाशीतल्या माणसापेक्षा चांगले सावरू शकतात.

या पाच गोष्टींचा स्कोअर कसा बनतो?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या डॉ. क्लॉड हेम्फिल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या पाच गोष्टी एकत्र करून 'आयसीएच स्कोअर' तयार केला. आजही जगभर तो वापरला जातो. गुण असे दिले जातात:

• जीसीएस १३ ते १५ असेल तर ०, ५ ते १२ असेल तर १, आणि ३ किंवा ४ असेल तर २
• रक्त ३० मिली किंवा त्याहून जास्त असेल तर १
• पोकळ्यांमध्ये रक्त असेल तर १
• रक्तस्राव ब्रेनस्टेममध्ये किंवा लहान मेंदूत असेल तर १
• वय ८० किंवा त्याहून जास्त असेल तर १

एकूण ० ते ६. इथे गुण जितके जास्त तितका धोका जास्त, म्हणजे परीक्षेच्या अगदी उलट.

मूळ अभ्यासात ३० दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचं प्रमाण असं होतं: ० गुण असलेल्यांपैकी कुणीही नाही, १ गुण असेल तर १३ टक्के, २ असतील तर २६ टक्के, ३ असतील तर ७२ टक्के, ४ असतील तर ९७ टक्के आणि ५ असतील तर १०० टक्के.

उदाहरण घ्या. ६५ वर्षांची बाई, जीसीएस ११, खोलवरच्या भागात २० मिली रक्त, पोकळ्यांमध्येही थोडं रक्त. जीसीएसचा १ आणि पोकळ्यांचा १, म्हणून स्कोअर २.

१०० टक्के हा आकडा वाचून धक्का बसतो. पण तो आला कुठून ते बघा. मूळ अभ्यासात एकूण १५२ पेशंट होते आणि त्यातले ५ गुण असलेले फक्त सहा. सहाही दगावले, म्हणून १०० टक्के. ६ गुण असलेला पेशंट त्या अभ्यासात एकही नव्हता.

वाचेल का आणि सावरेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत

आयसीएच स्कोअर मुळात मृत्यूचा धोका सांगण्यासाठी बनवला होता. पेशंट स्वतःच्या पायावर उभा राहील का, यासाठी २००८ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी 'फंक स्कोअर' मांडला. हा ० ते ११ असतो आणि यात जास्त गुण म्हणजे चांगली बातमी.

यात रक्ताचं प्रमाण, जागा, वय आणि जीसीएस तर आहेच, पण पाचवा निकष महत्त्वाचा आहे: रक्तस्राव होण्याआधी पेशंटची स्मरणशक्ती आणि समज कशी होती? आधीपासून विसरभोळेपणाचा आजार असेल, तर मेंदूकडे झीज भरून काढायची ताकद कमी असते. ही माहिती कुठल्याही मशीनमधून मिळत नाही. ती फक्त घरच्यांना माहीत असते. म्हणून डॉक्टर 'आधी कसे होते, बाजारात एकटे जायचे का, पैशांचा हिशेब ठेवायचे का' असं विचारतात तेव्हा नीट आणि खरं सांगायचं.

स्कोअरमध्ये नसलेल्या, पण निकाल फिरवणाऱ्या गोष्टी

रक्तस्राव वाढतोय का? ब्रेन हॅमरेज एका क्षणात होऊन थांबतंच असं नाही. १९९७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात पहिल्या सीटी स्कॅननंतर अवघ्या तासाभरात २६ टक्के पेशंटमध्ये रक्त बरंच वाढलेलं दिसलं. पुढच्या २० तासांत आणखी १२ टक्क्यांमध्ये वाढलं. 'आत्ताच सांगता येणार नाही' या उत्तराचं एक मोठं कारण हेच. दुसरा सीटी स्कॅन सांगितला की अनेकांना तो बिल वाढवण्याचा प्रकार वाटतो. प्रत्यक्षात रक्त वाढलंय का, हे बघण्याचा तोच रस्ता आहे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का? हृदयाची झडप बदललेली असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर वॉरफरिनसारख्या गोळ्या चालू असतात. अशा पेशंटमध्ये रक्तस्राव जास्त वाढू शकतो. पण गोळ्यांचा परिणाम उलटवणारी औषधं आहेत आणि ती जितक्या लवकर दिली जातील तितकं चांगलं. त्यामुळे हॉस्पिटलला जाताना चालू गोळ्यांची पिशवी किंवा प्रिस्क्रिप्शनचा फोटो सोबत हवाच.

बीपी, साखर आणि ताप: येताना बीपी खूप जास्त असणं, रक्तातली साखर वाढलेली असणं आणि नंतर ताप येणं, या तिन्हींचा संबंध वाईट निकालाशी आहे. यातली चांगली बाजू अशी की वय किंवा रक्तस्रावाची जागा आपल्याला बदलता येत नाही, पण या तीन गोष्टींवर उपचार करता येतात.

उपचाराने अंदाज बदलतो का?

हो. आणि याचा पुरावा तयार करण्यात भारतातल्या पेशंटचाही वाटा आहे.

२०२३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये 'इंटरॅक्ट-३' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतासह १० देशांतली १२१ हॉस्पिटल्स आणि ७,००० हून जास्त पेशंट त्यात होते. यात कोणतंही नवं महागडं औषध नव्हतं. चारच गोष्टी एकत्र आणि लगेच करायच्या होत्या: तासाभरात वरचं बीपी १४० च्या खाली आणण्याचा प्रयत्न, साखर आटोक्यात ठेवणं, ताप उतरवणं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा परिणाम उलटवणं. ज्या हॉस्पिटल्सनी हे एकत्र केलं, तिथे सहा महिन्यांनी पेशंटची अवस्था वाईट असण्याची शक्यता कमी झाली आणि मृत्यूही कमी झाले.

ऑपरेशनचं चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. कवटी उघडून रक्त काढण्याने सरसकट सगळ्यांना फायदा होतो, असं मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलं नाही. म्हणून डॉक्टरांनी 'ऑपरेशनची गरज नाही' म्हटलं, तर त्यांनी हात टेकले असा अर्थ होत नाही. दुसरीकडे, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एनरिच' या ३०० पेशंटच्या चाचणीत, पृष्ठभागाजवळ साचलेलं ३० ते ८० मिली रक्त २४ तासांच्या आत छोट्या छिद्रातून काढलं, तेव्हा पेशंट जास्त चांगले सावरले. लहान मेंदूत १५ मिलीहून जास्त रक्त असेल किंवा पेशंटची शुद्ध हरपत चालली असेल, तर तातडीने ऑपरेशन करण्याची शिफारस आहे.

आता सर्वांत अवघड मुद्दा: अंदाजच निकाल ठरवतो तेव्हा

समजा, डॉक्टरांनी सांगितलं की ७० टक्के पेशंट वाचत नाहीत. घरचे म्हणाले, मग कशाला त्रास द्यायचा. व्हेंटिलेटर काढला, पेशंट गेला. आता आकडेवारीत आणखी एक मृत्यू जमा झाला. पुढच्या पेशंटच्या वेळी आकडा आणखी खरा वाटणार.

हे चक्र संशोधकांनी २००१ मध्येच दाखवून दिलं होतं. अमेरिकेतल्या सिएटलमधल्या एका अभ्यासात दिसलं की पेशंटचं काय होणार, हे ठरवणारा सर्वांत मोठा घटक 'उपचार थांबवले की नाही' हा होता. म्हणजे ज्या आकड्यांवरून आपण आशा सोडतो, त्या आकड्यांमध्ये आधी सोडलेल्या आशाही मिसळलेल्या असतात.

मग उपचार थांबवलेच नाहीत तर? २०१५ मध्ये अमेरिकेतच एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जीसीएस १२ किंवा त्याहून कमी असलेल्या १०९ पेशंटना पहिले पाच दिवस कोणतीही काटछाट न करता पूर्ण उपचार दिले गेले. स्कोअरप्रमाणे यातले साधारण ५० टक्के पेशंट महिन्याभरात दगावायला हवे होते. प्रत्यक्षात सुमारे २० टक्के दगावले.

पण अर्धी गोष्ट सांगून थांबणं बरोबर नाही. या पेशंटपैकी तीन महिन्यांनी स्वतः चालू शकणारे, म्हणजे चांगले सावरलेले, साधारण ३० टक्के होते. बरेच जण वाचले, पण दुसऱ्यावर अवलंबून राहिले. अशा अवस्थेत जगणं पेशंटला स्वतःला मान्य असतं का, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर प्रत्येक घरात वेगळं असू शकतं.

म्हणूनच अमेरिकन हार्ट आणि स्ट्रोक असोसिएशनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दोन गोष्टी सांगतात. पेशंटने आधीच तशी इच्छा लिहून ठेवली नसेल, तर उपचार मर्यादित करण्याचा निर्णय ॲडमिट झाल्यानंतरचा किमान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत पुढे ढकलावा. आणि असा निर्णय फक्त स्कोअरच्या आकड्यावरून घेऊ नये.

आपल्याकडे या निर्णयात पैशांचा प्रश्नही येतो. आयसीयूचं बिल वाढत असतं आणि 'घरी घेऊन जाऊ' हा विचार बऱ्याचदा पेशंटच्या तब्येतीपेक्षा खिशाकडे बघून होतो. यात कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. पण पर्याय माहीत असायला हवेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये 'आरोग्यमित्र' असतात, त्यांना पहिल्याच दिवशी भेटा. महाराष्ट्रातल्या धर्मादाय हॉस्पिटल्सना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात चौकशी करा. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये हलवायचं असेल, तर सीटी स्कॅनची सीडी किंवा फिल्म आणि औषधांची नोंद सोबत घ्या.

आणि सगळे प्रयत्न करूनही सुधारणेची शक्यता नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सोपी केली. त्यानुसार कृत्रिम उपचार काढून घेण्याआधी हॉस्पिटलमधली दोन वैद्यकीय मंडळं पेशंटची अवस्था तपासतात आणि कुटुंबाची संमती घेतली जाते. म्हणजे हा निर्णय एकट्या मुलाने किंवा एकट्या डॉक्टरने आयसीयूच्या दारात उभ्या उभ्या घ्यायचा नसतो.

'बरा झाला' हे कसं मोजतात?

यासाठी डॉक्टर 'मॉडिफाइड रँकिन स्केल' वापरतात. ० म्हणजे काहीच त्रास नाही. १ म्हणजे किरकोळ लक्षणं, पण सगळी कामं जमतात. २ म्हणजे आधीची सगळी कामं नाही जमली, तरी स्वतःचं स्वतः करता येतं. ३ म्हणजे थोडी मदत लागते, पण चालता येतं. ४ म्हणजे आधाराशिवाय चालता येत नाही. ५ म्हणजे पूर्ण अंथरुणाला खिळलेला. ६ म्हणजे मृत्यू.

डॉक्टर 'चांगला रिझल्ट' म्हणतात तेव्हा बऱ्याचदा त्यांच्या डोळ्यांसमोर ० ते ३ असतं. घरच्यांच्या डोळ्यांसमोर मात्र ० असतं. इथेच गैरसमज होतात. म्हणून 'बरा होईल का' याऐवजी 'स्वतः जेवेल का, बाथरूमला जाईल का, बोलेल का' असं विचारलं, तर उत्तरही स्पष्ट मिळतं.

सावरायला किती वेळ लागतो?

साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. पण तीन महिन्यांनी दार बंद होत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात, महिन्याभरानंतरही रँकिन ४ किंवा ५ वर असलेल्या, म्हणजे गंभीर अवस्थेतल्या ७१५ पेशंटचा वर्षभर मागोवा घेतला गेला. त्यातले ४० टक्क्यांहून जास्त पेशंट वर्षअखेरीस ३ किंवा त्याहून चांगल्या अवस्थेत पोहोचले होते.

याचा अर्थ सोपा आहे. तिसाव्या दिवशी जो पेशंट अंथरुणात आहे, तो कायम तिथेच राहील असं गृहीत धरता येत नाही. आजूबाजूचं रक्त हळूहळू विरघळतं, सूज उतरते आणि दबलेला मेंदूचा भाग पुन्हा काम करू लागतो.

फिजिओथेरपी: लवकर, पण घाईने नाही

'जितक्या लवकर उठवू तितकं चांगलं' असा समज आहे. २०१५ च्या 'अव्हर्ट' चाचणीत २,१०० हून जास्त स्ट्रोक पेशंट होते. पहिल्या २४ तासांतच खूप वेळा आणि जास्त वेळ उठवलं, तर तीन महिन्यांनंतरचे निकाल उलट थोडे वाईट आले. म्हणून पहिला दिवस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

दुसरा धडा भारतातला आहे. फिजिओथेरपिस्ट सगळीकडे मिळत नाहीत, मग घरच्यांनाच शिकवलं तर? १४ भारतीय हॉस्पिटल्समधल्या १,२५० पेशंटवर झालेल्या 'अटेंड' चाचणीत हेच तपासलं गेलं. २०१७ मध्ये निकाल आला: नेहमीच्या उपचारांवर फक्त कुटुंबाला दिलेल्या या प्रशिक्षणाची भर घातल्याने पेशंटच्या निकालात फरक पडला नाही. घरच्यांचे कष्ट वाया जातात, असा याचा अर्थ नाही. कूस बदलणं, बेडसोर टाळणं, जेवण भरवणं ही कामं घरचेच करतात. पण प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्टची जागा त्याने भरून निघत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा का होईना, त्यांची मदत मिळेल असं बघा. आणि पेशंट सतत गप्प, रडवेला, व्यायामाला नकार देणारा झाला, तर त्याला 'आळशी' ठरवू नका. स्ट्रोकनंतर डिप्रेशन येणं खूप सामान्य आहे आणि त्यावर उपचार आहेत.

पुन्हा होऊ नये म्हणून

एकदा रक्तस्राव झालेल्या माणसाला पुन्हा होण्याचा धोका असतो. तो कमी करण्याचा सर्वांत मोठा उपाय म्हणजे बीपी. घरी मोजून १३०/८० च्या खाली ठेवण्याचं लक्ष्य सांगितलं जातं. 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद करणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. सोबत तंबाखू बंद आणि दारू बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या का, हे न्यूरोलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर मिळून ठरवतील.

लक्षणं दिसली तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोबडं बोलणं, अचानक तीव्र डोकेदुखी, उलटी, तोल जाणं किंवा शुद्ध हरपणं: यातलं काहीही अचानक झालं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलमध्येच न्या. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते लिहून ठेवा.

तीन गोष्टी करू नका.

• ॲस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती घातक ठरू शकते आणि सीटी स्कॅनशिवाय कुणालाच फरक कळत नाही.
• घरातली बीपीची गोळी जास्तीची देऊ नका. २०२४ मध्ये चीनमधल्या एका चाचणीत ॲम्ब्युलन्समध्येच बीपी उतरवलं गेलं. रक्तस्रावाच्या पेशंटना फायदा झाला, पण गुठळीच्या पेशंटना तोटा. तुमच्या घरच्याला यातलं काय झालंय, ते स्कॅनशिवाय कळणार नाही.
• पाणी किंवा चहा पाजू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न: स्क्रीनशॉट काढून ठेवा

• रक्तस्राव नेमका कुठे आहे आणि किती मिली आहे?
• जीसीएस किती आहे? तो झोपेच्या औषधाच्या असराखाली मोजलाय का?
• पोकळ्यांमध्ये रक्त आहे का? द्रव तुंबलाय का?
• रक्तस्राव वाढतोय का? पुढचा सीटी स्कॅन कधी?
• ऑपरेशनने फायदा होईल असा हा पेशंट आहे का?
• तुम्ही सांगताय तो अंदाज वाचण्याबद्दल आहे की सावरण्याबद्दल?
• पूर्ण उपचार चालू ठेवून आपण पुन्हा कधी बोलायचं?

शेवटचा प्रश्न नक्की विचारा. पहिल्या दिवशीचा अंदाज पहिल्या दिवसाच्या माहितीवर बांधलेला असतो. तिसऱ्या दिवशी माहिती बदललेली असते, आणि तेव्हा तोच प्रश्न पुन्हा विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.